जोडव्याचा आवाज कसा होता?

‘मी ५४ वर्षांची, मुलुंड पूर्वेला राहते. गेल्या वर्षी बँकेतून व्हीआरएस घेतली. भाचा कॅनडाला परत जाताना त्याचा मेटल डिटेक्टर आमच्या माळ्यावर टाकून गेला. दिवाळीनंतर तो खाली काढला आणि मला नादच लागला. रोज सकाळी सहाला घराजवळच्या महापालिकेच्या बागेत जाते. दोन महिन्यांची कमाई कळवते: सोडाबाटलीचे ६३ बिल्ले, क्वार्टरची १४ झाकणं, किलोभर खिळे आणि तारा, पाच रुपयांची दोन नाणी आणि चांदीचं एक जोडवं. यंत्र पावलागणिक किणकिणतं. लोखंड वगळायचं बटण दाबलं की बाग चिडीचूप होते आणि मग काहीच सापडत नाही. परदेशातले व्हिडिओ बघून सगळी सेटिंग्ज करून झाली. भाचा म्हणतो, कचऱ्याच्या जागेला भारी यंत्र लागतं, नवीन घे. आमचे हे म्हणतात, भंगारवाल्याशी भागीदारी कर. फिरायला येणारी मंडळी “गुप्तधन मिळालं का?” असं विचारतात, आणि परवा माळ्याने हटकलं. नवीन यंत्र घेऊ की हे सोडून देऊ?’

– एक वाचक, मुलुंड

ताई,

तुम्ही बँकेत होतात हे तुम्ही सांगितलं नसतं तरी हिशेबावरून कळलं असतं. बिल्ले ६३, झाकणं १४. पण मला हवी असलेली एकच नोंद पत्रात नाही. ते जोडवं सापडलं तेव्हा यंत्र कसं वाजलं? पडद्यावरचा आकडा किती होता? तो एका जागी बसला होता की नाचत होता? आडव्या बाजूने कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची गोल चकती, नेल्यावर तोच आवाज आला का? आठवत नसेल, आणि बहुधा नसेलच, तर तुमचं दुखणं मला कळलं. त्यावर नवीन यंत्र हा इलाज नाही.

तेव्हा नवीन यंत्र घेऊ नका, असलेलं सोडूही नका. फक्त उद्या सकाळी सहाला बागेत जाऊ नका.

माळ्याचं काही चुकलं नाही. महापालिकेच्या बागेत खुरपं चालवायला परवानगी हवी, आणि ती देणं माळ्याच्या हातात नसतं. तुमचा टी वॉर्ड. वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याच्या नावे साधा अर्ज द्या: कुठली बाग, किती वाजता, किती खोल उकरणार, खड्डा कसा बुजवणार, निघालेला कचरा कुठे नेणार. बाग कुणी संस्था चालवत असेल तर तिचीही संमती घ्या. नकार आला तर तो नकारच समजा, माळ्याला चहा पाजून मार्ग काढू नका. परवानगी मिळाली तर तिची एक प्रत पोलीस चौकीत देऊन ठेवा. २००८ पाहिलेल्या या शहरात पहाटेच्या अंधारात कुणी हेडफोन लावून, हातात वायरचं यंत्र घेऊन जमीन उकरताना दिसलं आणि एखाद्याने पोलिसांना फोन केला, तर त्यात त्याचं काय चुकलं?

अर्जाचं उत्तर येईपर्यंत घरी करायचा अभ्यास भरपूर आहे.

फ्रिजवरचं चुंबक काढा आणि पर्समधली चिल्लर टेबलावर ओता. रुपया चिकटेल. दोन रुपयाचं हल्लीचं नाणंही चिकटेल. पाचाचं पिवळं नाणं चिकटणार नाही. आपला रुपया १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा झाला, दोनाचं नाणं २००५ पासून. त्याआधीची ही नाणी तांबं आणि निकेलच्या मिश्रणाची होती, ती चुंबकाला दाद देत नाहीत. आताचं स्टील मात्र चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं. पुलावरून नदीत किंवा खाडीत टाकलेले पैसे पोरं दोरीला चुंबक बांधून काढतात, ते याच जोरावर.

आता यंत्राच्या बाजूने बघा. त्याच्या लेखी रुपया म्हणजे लोखंडाची चपटी चकती. सोडाबाटलीचा बिल्ला म्हणजेही लोखंडाची चपटी चकती. दोन्हींचा आकडा एका जागी बसत नाही, कधी खाली लोखंडाच्या घरात, कधी एकदम वर. तुम्ही बटण दाबून लोखंड वगळलंत तेव्हा बिल्ल्यांबरोबर रुपयेही वगळले, म्हणून बाग चिडीचूप झाली. मिळाली ती पाचाची दोन नाणी पिवळी होती ना? तेच त्याचं कारण.

परदेशातले व्हिडिओ इथेच दगा देतात. त्या लोकांची अडचण वेगळी आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात कॅन उघडायची ओढून काढायची रिंग आली आणि लोकांनी ती बागांमधून मनसोक्त फेकली. १९७५ नंतर कॅनलाच चिकटून राहणारी रिंग निघाली, पण जुन्या रिंगा अजून तिथल्या मातीत आहेत. तिकडच्या पाच सेंटच्या नाण्याचा आणि त्या रिंगचा आकडा शेजारी शेजारी येतो, म्हणून त्यांची सगळी चर्चा त्या दोघांना वेगळं काढण्यावर. आपल्याकडे कॅनची रिंग कमी, क्वार्टरचं झाकण जास्त. त्यांच्या मातीत फुलबाजीच्या तारा इतक्या नसतात. आपल्या बागेत दिवाळीनंतर एकेका चौरस फुटात पाच-पाच निघतात, आणि तुम्ही सुरुवात केलीत ती नेमकी दिवाळीनंतर!

माझं मत विचाराल तर रुपयांचा नाद सोडा. एका रुपयासाठी साठ बिल्ले उकरण्यात ना पैसा ना मजा. पितळ, तांबं, चांदी आणि सोनं एवढ्यांचाच आवाज ओळखायला शिका.

त्यासाठी एक वही करा. यंत्र लाकडी टेबलावर असं आडवं ठेवा की कॉइल टेबलाच्या कडेबाहेर अधांतरी राहील. जमिनीवर ठेवून बघू नका. स्लॅबमधल्या सळयांनी यंत्राला वेड लागतं. खिडकीजवळही नको, ग्रिल आहे. मग एकेक वस्तू कॉइलसमोरून हळूहळू हलवा आणि आवाज, आकडा, आकड्याची चंचलता लिहून ठेवा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, क्वार्टरचं झाकण, बिल्ला, सेफ्टी पिन, केसांचा आकडा, फुलबाजीची तार, पाचाचं आणि दहाचं नाणं, डब्यात पडलेलं जुनं ॲल्युमिनियमचं दहा पैशाचं नागमोडी नाणं. शेवटी तुमची अंगठी, मंगळसूत्राची वाटी, आणि ते जोडवं.

सगळं लिहून झालं की वहीतला क्रम नीट बघा. खाली लोखंड, वर चांदी आणि तांबं, हे कुणीही सांगेल. बघायचं ते मधलं. तुमची अंगठी कुठे आली? बारीक असेल तर सिगारेटच्या चांदीपाशी, जाड असेल तर कॅनच्या रिंगच्या आसपास. सोनं कचऱ्याच्या वरच्या मजल्यावर राहत नाही, कचऱ्याच्याच चाळीत, त्याच खोल्यांमधून राहतं. ‘रिंग नको, चांदीचा कागद नको’ अशी गाळणी यंत्राला लावली की अंगठ्या गाळणीतच राहतात. बारीक साखळीचं तर आणखीच अवघड. तिच्या प्रत्येक कडीत वेगळा, इवलासा प्रवाह फिरतो, त्यामुळे अख्खी साखळी कॉइलखाली असूनही यंत्र गप्प राहतं आणि वाजतो तो फक्त तिचा अडकवायचा हूक. घरातली साखळी लावून बघा, विश्वास बसेल.

परवानगी आली की बागेत पहिल्या दिवशी फिरायचं नाही. सुतळी आणि चार काड्यांनी एक मीटरचा चौकोन आखा. गवताच्या गालिच्यात नको, कडेच्या मोकळ्या मातीत. त्या चौकोनात गाळणी पूर्ण बंद ठेवून वाजेल ते सगळं काढा. अट एकच: खुरपं लावण्याआधी वहीत अंदाज लिहायचा. ‘आकडा नाचतो, बिल्ला असावा.’ मग उकरा आणि बरोबर की चूक ते शेजारी लिहा. पहिल्या चौकोनात दहातले सात अंदाज चुकतील. माझे आठ चुकले होते, आणि मी आयुष्यभर मोजमापाची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. चौथ्या-पाचव्या चौकोनाला बिल्ला नुसता ऐकून कळायला लागतो. त्याच्या आवाजाच्या शेवटी एक फाटकी किनार असते, गळ्यात कफ असताना माणूस ‘हो’ म्हणतो तशी. जोडव्याच्या आवाजाला ती नसते.

कानाला शंका आली तर हाताने तपासायच्या तीन युक्त्या आहेत. आवाजावर कॉइल ठेवा आणि ती हळूहळू आपल्याकडे ओढत आवाजाच्या कडेबाहेर आणा. बिल्ला असेल तर कडेपाशी आकडा घसरून लोखंडाच्या घरात जातो. चांदी असेल तर आवाज नुसता विरतो, सूर तोच राहतो. मग स्वतः काटकोनात वळा आणि आडव्या दिशेने कॉइल न्या. गोल वस्तू दोन्हीकडून सारखी वाजते. खिळा एका बाजूने नाण्यासारखा गोड वाजतो आणि दुसऱ्या बाजूने त्याचे दोन तुकडे ऐकू येतात. आणखी एक, कॉइल वीतभर वर उचला. तरीही जोरात वाजत असेल तर खाली डबा किंवा पत्रा आहे. त्याला हात लावू नका.

कॉइलचं बोलतो, कारण पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे करा. तुमच्या यंत्राची कॉइल अकरा इंचांच्या आसपास असणार. मोकळ्या शेतात ती उत्तम. बागेत तिच्याखाली एका वेळी तीन खिळे, एक बिल्ला आणि एक अंगठी येते आणि यंत्राला सगळ्यांचं मिळून एकच उत्तर द्यावं लागतं. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवरून भांडण पेटलेलं असताना शेजारचा कानात काय पुटपुटला ते कळत नाही, तसंच हे. पाच-सहा इंचाची छोटी कॉइल लावली की एका वेळी एकाचंच ऐकायला येतं. खोली थोडी कमी होते, पण बागेतली हरवलेली वस्तू बहुतेक चार बोटांच्या आतच असते. दुसरी वस्तू म्हणजे हातात धरायचा पिनपॉइंटर, खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा. खड्डा लहान राहतो तो त्यामुळे. आणि पिनपॉइंटर धरलेल्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या घरी काढून ठेवा. नाहीतर तुम्ही स्वतःच्याच हातातलं सोनं मातीत शोधत बसाल. हसू नका, माझ्या बायकोने ते केलं आहे.

कॉइल फिरवायची ती सारवल्यासारखी. सारवताना हात जमिनीला धरून जातो, फटकाऱ्याच्या शेवटी वर उचलला जात नाही, आणि एक फटकारा आधीच्यावर अर्धा चढलेला असतो. फरक वेगाचा. तुम्हाला जितकं हळू वाटतं त्याच्याही निम्मं हळू. खिळ्याचा आवाज दिल्यावर यंत्राला भानावर यायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात कॉइल पुढे सरकली तर शेजारचं नाणं मुकं राहतं. संवेदनशीलता वाढवत नेऊ नका, कमी करा. नवशिक्याला वाटतं, जितकी जास्त तितकं चांगलं. मुंबईत उलटं आहे. रेल्वेच्या ओव्हरहेड वायरमधून २५,००० व्होल्ट धावतात, भांडुप-मुलुंडवरून हाय टेन्शनच्या तारा गेल्या आहेत, बागेच्या दिव्यांच्या केबली पायाखाली आहेत, आणि तुमच्या खिशात मोबाइल आहे. कॉइल हलत नसतानाही यंत्र कुरकुरत असेल तर तो कचरा नाही, ती वीज आहे. मोबाइल बाकावर ठेवा, आवाज थांबेपर्यंत संवेदनशीलता उतरवा, मग सुरुवात करा. आणि आपली माती काळ्या खडकाची, लोहाचा अंश भरपूर. त्यामुळे रोज सुरू करताना कॉइल जमिनीवर वर-खाली करून यंत्र मातीशी जुळवून घ्यायला विसरू नका.

बागेत जागा कुठली निवडायची? बाकांच्या पुढची हातभर जमीन, जिथे बसता-उठता खिसा तिरका होतो. झोपाळ्याखाली, घसरगुंडीच्या टोकाशी, जिथे वाळू असेल तिथे तर पहिली पसंती, कारण गवत कापायचा प्रश्नच येत नाही. योगासनं करणारी मंडळी सतरंज्या टाकतात ती जागा. मैदानात क्रिकेट होत असेल तर खेळपट्टीपासून लांब राहा. तिथे बुटांचे स्पाइक आणि स्टंपच्या टोकाचं लोखंडच निघतं, आणि ग्राउंड्समनचे शब्द ऐकावे लागतात ते वेगळेच. जिथे गणपतीचा मांडव पडतो तो कोपरा पहिले सहा महिने सोडून द्या. बांबू बांधायच्या तारा आणि खिळे यांची तिथे पेरणी झालेली असते.

जुनी बाग म्हणजे जुन्या वस्तू, हा हिशेब मात्र या शहरात धरू नका. मुंबईच्या बागेतली माती बऱ्याचदा बागेची नसते. भराव, डेब्रिज, ट्रकने आणलेली लाल माती, सगळं एकावर एक. आमच्या सोसायटीच्या आवारात मला पाचव्या जॉर्जचा मुखडा असलेला पाव आणा मिळाला. हातभर उंच झालो! मग त्याच्या खाली चार इंचांवर ॲल्युमिनियमची टूथपेस्टची ट्यूब निघाली, पिळून चपटी केलेली. म्हणजे आणा वर आणि ट्यूब खाली. कुठल्या तरी पाडलेल्या चाळीची माती असणार ती, ट्रकमधून उलटी होऊन आमच्याकडे आलेली.

त्या पाव आण्यावरून कायद्याची गोष्ट सांगतो. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, म्हणजे गुप्तधनाचा कायदा. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर काय, कुठे, कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दहा रुपयांची ही मर्यादा तेव्हाची आहे. मी अर्ज घेऊन गेलो. समोरच्या कारकुनाने आणा उलटापालटा करून पाहिला, ‘काका, हा फुटपाथवर मिळतो’ म्हणाला, पण पोच मात्र शिक्का मारून दिली. ती मी जपून ठेवली आहे. तुमच्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला. शंभर वर्षांहून जुनं नाणं असेल तर १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा भाच्याला भेट म्हणून कॅनडाला पाठवू नका.

काही जागा तर अर्जही न करता वगळा. शीवचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची बाग. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरचं जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान, जिथे एके काळी किल्ला होता आणि आता खाली पाण्याचा जलाशय आहे. नॅशनल पार्कची हद्द, जी तुमच्या मुलुंडला पश्चिमेकडून चिकटलेली आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. शिवाय तिथली वस्तू मातीच्या कुठल्या थरात होती यावरच तिचा अर्थ ठरतो, आणि आपण खुरप्याने पहिला घाव त्या थरावरच घालतो.

फिरायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी तुम्हाला गोदीच्या सोन्याबद्दल सांगणारच, म्हणून आधीच लिहितो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यावरच्या सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या, काही पुढे कित्येक वर्षांनी गोदीचा गाळ उपसताना निघाल्या, हे सगळं खरं आहे. त्याच जहाजावर दारूगोळाही होता, हे सांगायला लोक विसरतात. मुलुंडपर्यंत काही उडालं नाही. पण कधी कुठेही गंजलेलं, नळकांड्यासारखं, वजनदार काही लागलं तर खुरपं बाजूला ठेवा, लोकांना लांब करा आणि ११२ ला फोन करा.

उकरायचं ते वीतभराच्या आत. ही अक्कल मला अशी आली: एका बागेत, नाव सांगत नाही, एक लांबलचक सुंदर आवाज मिळाला. कॉइल पुढे नेली तरी आवाज चालूच, अगदी सरळ रेषेत. मी कुदळीचा फाळ घातला आणि संध्याकाळी बागेतले अर्धे दिवे लागले नाहीत. दुरुस्तीचे पैसे भरले, माफी लिहून दिली. सरळ रेषेत वाजतं ते पाइप किंवा केबल. सोसायटीच्या आवारात आणखी एक धोका: गॅसची पिवळी पाइप प्लास्टिकची असते, ती यंत्राला दिसतच नाही. म्हणून आवारात उकरण्याआधी सेक्रेटरीकडून पाइप कुठून गेली ते विचारून घ्या.

हातमोजे जाड हवेत. ब्लेडचे तुकडे आणि इंजेक्शनच्या सुया हे आपल्या बागांचं वास्तव आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. पावसाळ्यात माती मऊ होते, यंत्रही थोडं खोलवर बघतं, मोह होतो. पण पाणी तुंबून गेलेल्या चिखलात हातावर जखम असताना जाऊ नका. लेप्टो मुंबईकराला समजावून सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण: जमीन विटेसारखी, आणि कापलेलं गवत पुन्हा धरत नाही. त्या दोन महिन्यांत वाळूतच शोधा. बाकी वर्षभर गवत कापायचं ते तीन बाजूंनी, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून. माती फडक्यावर काढायची, परत भरायची, झाकण मिटायचं, पायाने दाबायचं, बाटलीतलं पाणी घालायचं. निघताना मागे वळून बघा. आपण कुठे उकरलं ते आपल्यालाच सापडलं नाही पाहिजे.

निघालेला कचरा पिशवीत घेऊन माळ्याकडे जा आणि त्याच्यासमोर ती ओता. सुया, ब्लेड, खिळे. या बागेत लहान मुलं अनवाणी पळतात आणि त्याचं गवत कापायचं मशिन याच खिळ्यांवर पाती मोडून घेतं. दोन आठवडे असं केलंत तर तोच तुम्हाला सांगेल, कालच्या वाढदिवसाला कुणाची अंगठी कुठे पडली ते. ‘गुप्तधन’ विचारणाऱ्यांनाही ती पिशवी दाखवा.

तुमच्या ‘ह्यांना’ मात्र झवेरी बाजारात घेऊन जा. तिथले घमेलावाले सोनारांच्या दुकानांबाहेरची धूळ झाडून, घमेल्यात धुऊन, पाण्यातून सोन्याचे कण काढतात. आपल्याकडे यांना झारेकरी म्हणतात, शब्दकोशात आहे. त्यांच्याकडे ना कॉइल ना आकडा. घमेलं तिरकं धरून पाणी फिरवताना माती आधी निघून जाते, मग वाळू, मग लोखंडाची काळी भुकटी, आणि तळाशी एक पिवळी रेघ उरते. त्या माणसाला धूळ गाळून टाकायची घाई नसते. अर्धा तास उभं राहून बघा, भागीदारी भंगारवाल्याशी करायची की यांच्याशी ते मग दोघांनी मिळून ठरवा.

राहिलं जोडवं. ते गुप्तधन नाही, कुणाचं तरी हरवलेलं आहे, आणि मालकाचा शोध न घेता ते ठेवून घेणं कायद्यातही बसत नाही. बागेच्या फाटकावरच्या फळ्यावर चिठ्ठी लावा: ‘चांदीचं जोडवं सापडलं आहे. जोडीचं दुसरं दाखवून घेऊन जावे.’ नक्षी लिहू नका, वजन लिहू नका. चौकीतही कळवून ठेवा. आणि कुणी न्यायला येण्याआधी ते एकदा टेबलाच्या कडेला धरून कॉइलसमोरून फिरवा, उजवीकडून, डावीकडून, आडवं, उभं. आकडा आणि आवाज वहीत लिहा. मलाही कळवा, माझ्या वहीत जोडवं अजून नाही.